भरावाच्या आतली जमीन



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. त्यांनी हयातभर माणदेशातली मुलं शिकवली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर माणदेशाबाहेरचा विषय घेऊन उभं राहणं मला पटलं नसतं. म्हणून मी आज आपल्या तलावांबद्दल बोलणार आहे. तलावातल्या पाण्याबद्दल आपण रोजच बोलतो. पाणी सुटलं का, किती सुटलं, कालव्याच्या टेलपर्यंत पोचलं का. मला बोलायचंय ते त्या पाण्याखालच्या आणि पाण्याकाठच्या जमिनीबद्दल. ती जमीन कुणाची? तिला जपायचं कुणी? आणि आपल्या ग्रामपंचायतींच्या, पंचायत समित्यांच्या, जिल्हा परिषदांच्या हातात त्यासाठी नेमकं काय आहे?

पाणथळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भरतपूर येतं, चिल्का येतं, ठाण्याची खाडी येते. माणदेशात पाणथळ? जिथं वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जिथं माण नदी कुळकजाईच्या डोंगरातून निघते आणि वर्षातले बहुतेक महिने वाळूचीच वाहते, तिथं कसली पाणथळ? पण जरा आठवून पाहा. माण तालुक्यात पिंगळी, आंधळी आणि शिवेवर राजेवाडी. खटावात नेर, येरळवाडी, मायणी, कानकात्रे, सूर्याचीवाडी. शिवाय वाडी-वस्तीच्या वरच्या अंगाला असलेले पाझर तलाव, ज्यांची नावं गावाबाहेर कुणाला ठाऊक नसतात. या आपल्या पाणथळ जागा. यातली एकही निसर्गानं आयती दिलेली नाही. सगळ्या माणसांनी बांधल्या. आणि बहुतेक सगळ्या दुष्काळात बांधल्या.

राजेवाडीचा तलाव घ्या. म्हसवडचे लोक त्याला म्हसवडचा तलाव म्हणतात, आटपाडीचे लोक राजेवाडीचा म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे, कारण तलाव दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे आणि त्याचं पाणी तिसऱ्या जिल्ह्यात, सांगोल्याकडेही जातं. 1876 ते 78 चा दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळी काम म्हणून त्याचा भराव उभा राहू लागला. पाट्या वाहणारे कोण होते? आपलेच पणजोबा, खापरपणजोबा, आणि त्यांच्या बायकाही. पुढं 1972 आला, तेव्हा पुन्हा तेच. खडी फोडली, ताली टाकल्या, पाझर तलाव बांधले. या सभागृहात त्या कामावर गेलेली माणसं बसलेली असतील. ज्या शिवारात पोटाला भाकरी नव्हती, त्या शिवारानं पुढच्या पिढ्यांसाठी तलाव बांधले.

आता माझा पहिला मुद्दा. तलाव बांधायचा म्हणजे आधी जमीन लागते. भरावाच्या आत जे जे पाण्याखाली जाणार, ते सगळं सरकारनं त्या वेळी संपादित केलं. कुणाची मळई गेली, कुणाची विहीर गेली, कुणाचं राहतं घर गेलं. मोबदला काय मिळाला हे विचारू नका. पण जमीन गेली, आणि ती सार्वजनिक झाली. आज जगभर निसर्गरक्षणासाठी जमीन विकत घेण्याची चर्चा चालते. पैसा कुठून आणायचा यावर परिषदा भरतात. आपल्याकडे 2013 च्या भूसंपादन कायद्यानं नवी जमीन घ्यायची तर ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत मोबदला द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा. कोणती ग्रामपंचायत तो देऊ शकेल? कोणती जिल्हा परिषद? पण माणदेशाच्या बाबतीत प्रश्नच वेगळा आहे. पाणथळीची जमीन आपण दीडशे वर्षांपूर्वीच घेतलेली आहे. तिची किंमत आपल्याच माणसांनी चुकवलेली आहे. आपल्याला ती फक्त सांभाळायची आहे.

आणि आपण ती सांभाळत नाही. तलाव गाळानं भरत येतो, पाणी मागं सरतं, बुडीत क्षेत्राची कड उघडी पडते. तिथं आधी कुणीतरी एका हंगामाची गाळपेर करतं. गाळपेरीला रीतसर परवानगी असते, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. गरिबाच्या घरात त्यातून ज्वारी-हरभरा येतो. पण एका हंगामाची गाळपेर तीन वर्षांनी बांध होते, पाच वर्षांनी त्यात बोअर पडतं, दहा वर्षांनी तिथं डाळिंबाची बाग उभी राहते. हद्दीचे दगड तोवर नाहीसे झालेले असतात. मग पावसाळ्यात तलाव पुरता भरू द्यायला त्याच बागेचा मालक विरोध करतो. तलावापेक्षा तलावातली बाग मोठी झाली, हे मी कुठल्या एका गावाचं सांगत नाही. तुमच्या गावाचा तलाव डोळ्यांसमोर आणा आणि तुम्हीच ठरवा.

हे थांबवणारा कायदा नाही का? आहे. पण आपल्यासाठी नाही. हा माझा दुसरा मुद्दा, आणि मी यावर जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागात हा फारसा कुणी सांगत नाही.

पाणथळींच्या रक्षणाचा रामसर करार 1971 साली इराणमधल्या रामसर गावी झाला. भारत त्यात 1982 साली सामील झाला. देशात पाणथळ जागांचे पहिले नियम 2010 साली आले आणि 2017 साली त्यांच्या जागी नवे आले. या नव्या नियमांत पाणथळ म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि काय पाणथळ नाही याचीही आहे. नदीचं पात्र पाणथळ नाही. भातशेती पाणथळ नाही. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेला तलाव पाणथळ नाही. आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली रचना, तीही पाणथळ नाही. लक्षात आलं ना? पिंगळी बाहेर, राजेवाडी बाहेर, येरळवाडी बाहेर. ज्या मुलखात निसर्गानं तळं दिलं नाही, त्या मुलखातलं प्रत्येक तळं एका ओळीनं कायद्याच्या बाहेर गेलं. इस्रोच्या उपग्रहांनी देशातल्या पाणथळींचा नकाशा केला. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या दोन लाखांवर जागा त्यात निघाल्या, आणि त्या मोजणीत बांधलेले तलाव आणि जलाशयही धरले होते. म्हणजे आकाशातून पाहिलं तर ती पाणथळ आहे, आणि नियमांचं पुस्तक उघडलं तर नाही.

माझ्या मते ही मोठी चूक आहे, आणि ती चूक कशी हे महाराष्ट्रातच दिसतं. महाराष्ट्राला पहिला रामसर दर्जा 2020 साली मिळाला तो कशाला? नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला. ते नैसर्गिक सरोवर आहे का? गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बांधलेला तो बंधारा आहे. बंधाऱ्यामागं गाळ साचला, उथळ पाणी झालं, लव्हाळी उगवली, बेटं तयार झाली आणि पक्षी आले. सिंचनाच्या बंधाऱ्यामागची पाणथळ जगाच्या यादीत बसते, मग आपला तलाव आपल्याच देशाच्या नियमांत का बसू नये? चक्रवाकाला भराव कुणी बांधला याची चौकशी करायची नसते. त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो.

तरीही वाट बंद नाही, आणि ती वाट आपल्याच खटाव तालुक्यानं दाखवली. मायणीचा तलाव चांद नदीवरचा, ब्रिटिश अमदानीतला. तिथं पक्षी येतात हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. पण एकट्या मायणीवर पक्षी राहत नाहीत. मायणीत पाणी आटलं की ते सूर्याचीवाडीला जातात, तिथून येरळवाडीला, कानकात्रेला. एक तलाव राखून बाकीचे सोडले तर उपयोग होत नाही. 2021 साली राज्य शासनानं हे चारही तलाव मिळून सुमारे 867 हेक्टरांचं मायणी समूह पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. त्यानंतर दोनच वर्षांत आटपाडीजवळचं सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटरचं वन संवर्धन राखीव झालं. तिथं लांडगा आहे, खोकड आहे, ससा आहे. पाणी आणि माळ, दोन्ही बाजूंनी माणदेशाची नोंद झाली.

इथं थोडं विषयांतर करतो. मायणीला, येरळवाडीला अग्निपंख आले की आपल्याकडे बातमी येते, सैबेरियाचे पाहुणे आले. अग्निपंख म्हणजे रोहित सैबेरियातून येत नाहीत. भारतात त्यांची मोठी वीण होते ती कच्छच्या रणात. त्यांचं घर याच देशात आहे. लांबून येतात ते पट्टकादंब, तिबेट-मंगोलियाकडून, हिमालय ओलांडून. हे मुद्दाम सांगतो, कारण पाहुण्याचं कौतुक चार दिवसांचं असतं. घरच्याची काळजी बारमाही करावी लागते.

आता हे संवर्धन राखीव म्हणजे काय? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 साली दुरुस्ती झाली आणि अभयारण्याखेरीज दोन नवे प्रकार आले. सरकारी मालकीच्या जमिनीवर, तिथल्या लोकांशी विचारविनिमय करून, संवर्धन राखीव करता येतं. आणि खासगी किंवा सामूहिक जमिनीवर, मालकांनी आपण होऊन तयारी दाखवली तर, सामूहिक राखीव करता येतं. संवर्धन राखीवासाठी एक समिती असते. त्या समितीवर कोण असावं हे कायद्यानं लिहून ठेवलंय. वन विभागाचा माणूस सदस्य सचिव, संस्थांचे तीन प्रतिनिधी, कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक. आणि ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते क्षेत्र येतं, त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी. सरपंच मंडळी, ही तुमची खुर्ची आहे. ती कुणी मेहेरबानी करून दिलेली नाही, कायद्यानं दिली आहे. ती रिकामी राहिली तर निर्णय दुसरे लोक घेतील आणि मग आपण म्हणू, आम्हाला विचारलंच नाही.

असं न विचारता केलं की काय होतं, ते आपण शेजारी पाहिलंय. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. क्षेत्र किती? जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. गावंच्या गावं त्यात आली. शेतकऱ्यांच्या सात-बाऱ्याच्या जमिनी अभयारण्यात गेल्या. खरेदी-विक्रीला अडचण, बांधकामाला अडचण, रस्त्याला अडचण. तीस-बत्तीस वर्षं लोकांनी ती अडचण सोसली, मोर्चे काढले, कोर्टात गेले. शेवटी 2012 साली ते क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरांपर्यंत खाली आणावं लागलं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो माळढोक आज तिथं जवळजवळ दिसेनासा झाला आहे. लोकांच्या मनात त्या पक्ष्याविषयी राग उरला. नकाशावर मोठी रेघ ओढून जमीन राखता येत नाही. माणदेशात ही चूक कुणी करू नये आणि आपण कुणाला करू देऊ नये. आधी जी जमीन सार्वजनिक आहे ती राखा. भरावाच्या आतली राखा, पाणलोटातली गायरानं राखा. खासगी शेताला हात लावायची पाळीच येऊ देऊ नका.

गायरानाचं नाव निघालं म्हणून सांगतो. 2011 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं त्यावर निर्णय काढला. आपल्याकडचं गायरान म्हणजे कुसळांचा माळ. तो पडीक दिसतो, म्हणून कुणालाही द्यावासा वाटतो. पण तलावाच्या वरचं गायरान उघडं पडलं, नांगरलं गेलं, की पहिल्याच वळवात माती तलावात येते. आणि मेंढपाळाचं काय? आपल्या धनगर बांधवांचे वाडे कुठं बसायचे? गवताचा माळ आणि तलावाची कड, या दोन जागांवर माणदेशाची मेंढी जगली. व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनातला माणदेश ज्यांनी वाचलाय त्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

छोट्या तलावांकडे वळतो. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव, पाझर तलाव, गावतळी, ही बरीचशी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. म्हणजे ती खऱ्या अर्थानं स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ताब्यात आहेत. यांच्यासाठी राखीव क्षेत्राचा मोठा प्रस्ताव लागत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, हात वर करून सांगता येईल का? मी कुणाला अडचणीत आणत नाही. पण याच कायद्यात वारसा स्थळाची तरतूद आहे, आणि त्यासाठी जागा मोठी लागत नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, आणि 2021 साली तिथली दोन हेक्टरांची जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. दोन हेक्टर! आपल्या कितीतरी पाझर तलावांचं बुडीत क्षेत्र याहून मोठं आहे.

आता पाण्याचा मुद्दा, आणि हा नाजूक आहे. उरमोडीचं पाणी माणमध्ये आलं, टेंभूचं आटपाडीत आलं, जिहे-कठापूरचं नेरमार्गे आंधळीकडे आलं. या पाण्यासाठी आपल्या मागच्या पिढ्यांनी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. त्या पाण्याविरुद्ध बोलणारा माणूस माणदेशात उभा राहू शकत नाही आणि राहूही नये. मीही त्याविरुद्ध बोलत नाही. पण एक फरक समजून घेऊ या. पूर्वी तलाव पावसाळ्यात भरायचा आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत हळूहळू आटायचा. आटताना काठाचा चिखल उघडा पडायचा. त्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी, बिया. शेकाट्या, तुतवार, चमचे आणि अवाक या चिखलावर जगतात. अग्निपंखाला घोट्या-गुडघ्याइतकंच पाणी लागतं, चोच उलटी बुडवून त्यातलं सूक्ष्म अन्न गाळून घ्यायला. आता उन्हाळ्यात उपशाचं पाणी सोडून तलाव काठोकाठ भरला की ती उथळ कड नाहीशी होते. तलाव भरलेला दिसतो, पक्षी दिसत नाहीत. गाळ काढतानाही असंच होतं. गाळमुक्त धरण योजनेत गाळ शेतात गेला हे चांगलं झालं. पण काठ उभा कापला, की उथळ पाणी संपलं.

यावर उपाय अवघड नाही. आवर्तनं ठरवायला कालवा सल्लागार समिती बसतेच. त्या बैठकीत एवढं मागा, की चार-पाच तलावांपैकी निदान एक तलाव आलटून पालटून हिवाळ्यात अर्धवट पातळीवर राहू द्या आणि मृतसाठ्याला कुणी पंप लावू नये. गाळ काढताना मधला काढा, एका बाजूची कड उतरती ठेवा. यात कुणाचं आवर्तन बुडत नाही. मासेमारी संस्थेचं नुकसान होत नाही, उलट काठाची लव्हाळी ही माशांच्या पिल्लांचीही जागा असते. फक्त हे कुणीतरी त्या बैठकीत बोललं पाहिजे.

राहिला पैसा. हद्द मोजायला, दगड पुरायला, राखणदार ठेवायला, आणि कधी खरंच तलावाला लागून एखादा तुकडा विकत घ्यायला पैसा लागतो. अमेरिकेत नँटकेट नावाचं एक बेट आहे. तिथं जमिनीचे भाव भडकले आणि मोकळी जागा झपाट्यानं जाऊ लागली. तेव्हा 1980 च्या दशकात तिथल्या लोकांनी ठरवलं की जमिनीच्या प्रत्येक व्यवहारावर दोन टक्के वेगळे काढायचे आणि त्या पैशातून पाणथळी, माळ, समुद्रकाठ गावासाठी विकत घ्यायचे. ती जमीन आजही सगळ्यांची आहे. आपल्याकडेही ग्रामीण भागातल्या जमिनीच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का जिल्हा परिषदेचा अधिभार वसूल होतो, आणि त्यात ग्रामपंचायतीचाही वाटा असतो. पाणी आल्यापासून माण-खटाव-आटपाडीत जमिनीचे भाव कसे चढले ते तुम्ही मला सांगाल. ज्या पाण्यानं जमीन महाग केली, त्या जमिनीच्या पैशातला छोटा हिस्सा तलावाच्या काठासाठी बाजूला काढायला काय हरकत आहे? सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांनी असा ठराव करावा, असं मी इथून जाहीरपणे म्हणतो.

कुणी म्हणेल, गावाला हे झेपेल का? आटपाडी ही औंध संस्थानातली. 1939 साली औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. गावपंचायत, मग तालुक्याची समिती, मग संस्थानची सभा. देशाला स्वातंत्र्य मिळायच्या आठ वर्षं आधी आपल्या या कोरड्या मुलखात खालून वर जाणारा कारभार सुरू झाला होता. आणि अलीकडचं सांगायचं तर 2018 च्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलेलं गाव कुठलं? माण तालुक्यातलं टाकेवाडी. भांडवलीलाही त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला. ज्या गावांनी पहाटे उठून समतल चर खोदले, त्या गावांना एका तलावाच्या हद्दीचे दगड शोधणं झेपणार नाही?

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढची ग्रामसभा येईल तेव्हा विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून तलावाचा मूळ नकाशा मागवा, तलाठ्याकडून बुडीत क्षेत्रातल्या प्रत्येक गटाचा सात-बारा काढा, आणि तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. किती जमीन सरकारच्या नावावर आहे आणि किती प्रत्यक्ष पाण्याला मोकळी आहे, हे गावाला एकदा आकड्यांत कळू द्या. मग मोजणीचा ठराव करा, जैवविविधता समिती कागदावरून बाहेर आणा, आणि खटावच्या चार तलावांसारखा पिंगळी-राजेवाडी-आंधळीचा संयुक्त प्रस्ताव वन विभागाकडे पाठवा. राजेवाडी दोन जिल्ह्यांत आहे, तेव्हा तिथं सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांनी एकत्र बसायला हवं. ती पहिली बैठक आटपाडीकरांनी बोलवावी की म्हसवडकरांनी, हे आज इथून उठण्याआधी तुम्ही आपसांत ठरवा.